विसूनानांची पोथी

धडगाव,
८ सप्टेंबर १९६०

ती. सौ. प्रमिलाभाभी यांस,
हंसाचा शि. सा. न. वि. वि.

विसूनाना कोणत्या गावचे, हा तुमच्या पत्रातला प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. खरं सांगते, मला त्याचं उत्तर देता येत नाही. तो माणूस लेखकाने मनाने रचलेला आहे, असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. ओट्यावर पुस्तक ऐकायला येणाऱ्या बायकांना तुम्ही हे सांगणार, मग त्या विचारणार की जो माणूस नाहीच, त्याचं आम्ही रोज का ऐकतो? त्यावर तुम्ही काय म्हणाल? मी काय म्हणेन? कॉलेजात कादंबरी या विषयावर मी चांगली आठ पानं लिहिली होती. त्यातली एक ओळसुद्धा इथे उपयोगी पडत नाही.

आपल्या गावातल्या वाचनालयासाठी मी जी पुस्तकं पाठवली, त्यांत स्वच्छतेवरचं होतं, बालसंगोपनाचं होतं, थोरांची चरित्रं होती. 'विसूनानांची मुलुखगिरी' मी केवळ विनोद म्हणून टाकलं होतं. कचेरीतून निवृत्त झालेला एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ आयुष्यात समुद्र पाहिला नाही म्हणून छत्री, गजराचं घड्याळ आणि पिंजऱ्यातला पोपट घेऊन घरातून निघतो, आणि वाटेत त्याची जी फजिती होते ती वाचून माझी हसून मुरकुंडी वळली होती. दिवसभर निंदणी करून दमलेल्या बायका घटकाभर हसतील, एवढाच माझा हेतू. आणि तुम्ही लिहिता की कोणी हसलंच नाही!

पण भाभी, चूक तुमची आहे, रागावू नका. पोळ्याला श्रावणातली पोथी संपली. त्याच पाटावर, त्याच तांबड्या कापडावर तुम्ही हे पुस्तक ठेवलंत, समोर तोच दिवा लावलात, आणि शेजारी अर्थ सांगायला तेच धुडकूबाबा बसले. तुम्ही एक वाक्य वाचायचं आणि बाबांनी ते आपल्या अहिराणीत फोडून सांगायचं. मग आणखी काय होणार? विसूनाना धर्मशाळेत आपली कवळी विसरतात, त्यावर बाबांनी सांगितलं म्हणे की 'दात टाकी दिन्हा म्हनजे जिभना सवाद टाकी दिन्हा', आणि बायकांनी हात जोडले. हे मी दोनदा वाचलं. नंतर मात्र इतकी हसले की शाळेच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

इकडे पाऊस थांबत नाही. घाटात दरड आल्यामुळे जीप बंद आहे, डाक माणसाच्या डोक्यावरून येते. माझ्या वर्गात आता नऊ मुली आहेत. त्यांना माझं मराठी कळायला वेळ लागतो, मला त्यांची पावरी कळायला त्याहून जास्त.

बापूंची एकुलती बहीण, आपली जसोदाफुई, ओट्यावर येते का? की अजून आतूनच ऐकते? तिची मिरच्या वाळवायची जागा गच्चीवर उत्तरेच्या कोपऱ्यात का, हे मी लहानपणी तिला विचारलं होतं. तिथून आमचे हे डोंगर निळे दिसतात, एवढंच ती म्हणाली होती. तिला सांगा, आता तुझी भाची त्याच निळ्यात राहते आणि इथून ते मुळीच निळे नाहीत.

बापूंना नमस्कार, सुकलालभाऊला टपली. माझी आठवण पातळ होऊ देऊ नका.

आपली,
हंसा

•

रनाळे,
२२ सप्टेंबर १९६०

चि. हंसाबेन हिस प्रमिलाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी तोंडात पदर कोंबून हसले, पण तो आनंद आता राहिला नाही. तुझ्या विसूनानांनी गावात जे केलं ते ऐकशील तर तुझंही हसू पळेल.

आधी चांगलं सांगते. सहाव्या अध्यायापर्यंत ओटा भरून अंगणात माणसं बसायला लागली. आपल्या शेतात निंदणीला आलेली डोंगरातली कमलीबाई आणि तिचा मुलगा करमसिंग हेही गोठ्याच्या बाजूला बसत. म्हातारीला आपली भाषा थोडीथोडी समजते. तिला काळजी एकच, पोपटाला कोणी खायला घातलं की नाही. वत्सलाबाईंनी नवस बोलला की नाना समुद्राला पोचले तर नारळ फोडीन. भिकुबाई मात्र पहिल्या दिवसापासून रागात. त्यांचं म्हणणं, एवढ्या वयाचा माणूस सुनेला न सांगता घर सोडतो, शिळी भाकर खातो, लोकाच्या गाढवावर बसतो, आणि हे तुम्ही दिव्यापुढे वाचता? तुमाले लाज नई का? असं म्हणून रागाने उठायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन खांबाजवळची जागा धरायच्या.

भिंतीपलीकडून पोरं हसायची. ती हसली की बायका त्यांना शिव्या घालायच्या, पोथीत कोणी हसतं का म्हणून. मला वाचताना हसू यायचं ते मी खोकून दाबायचे. धुडकूबाबा म्हणाले, सूनबाई, तुले खोकला व्हयी गया, हळद घे.

फुईचं विचारलंस. ती आधी आत चुलीपाशी बसून ऐकायची. घड्याळ चोरांच्या मध्येच वाजतं आणि चोर पळतात, त्या दिवशी ती उंबऱ्यावर आली. मग ओट्यावर. कोणाशी बोलत नाही. फक्त वाचन संपलं की रोज एकच विचारते, समिंदर आजून किती दूर शे?

आता वाईट. आपले दोधूकाका छत्रीशिवाय कुठे जात नाहीत, हे तुला माहीत आहे. पोरांनी त्यांना विसूनाना म्हणायला सुरुवात केली. काका चिडतील असं वाटलं, पण ते चिडले नाहीत. गेल्या शुक्रवारी सकाळी काका घरात नाहीत! सगळं गाव शोधलं. शेवटी स्टेशनावर सापडले. फलाटावर छत्री उघडून बसलेले, अंगात लग्नातला कोट, आणि स्टेशनमास्तरांना विचारत होते की समुद्राकडे जाणारी गाडी कोणती. त्यांच्या मुलांनी अक्षरशः उचलून आणलं. काका रस्ताभर ओरडत होते, विसूनानाले कोनी आडावं नई, माले काब्र आडावतस?

त्याच संध्याकाळी मामंजी ओट्यावर आले. नवव्या अध्यायाचं मधलं पान चाललं होतं. विसूनाना शेवटचा घाट चढताहेत, पोपट आजारी आहे, वरून खारा वारा येतो आहे. मामंजींनी माझ्यापुढून पुस्तक उचललं, कापडासकट गुंडाळलं आणि लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं. एवढंच म्हणाले, की माझ्या ओट्यावरून म्हाताऱ्या माणसांना पळवून लावणारी पोथी वाचली जाणार नाही.  भिकुबाईच पहिल्यांदा बोलल्या की गिरधरभाऊ, अर्धी पोथी ठेवू नये, घराला बरं नाही. मामंजी आत निघून गेले.

फुई बराच वेळ रिकाम्या पाटाकडे बघत बसली होती. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, तुले पुढलं माहीत शे का? मी म्हटलं, नाही फुई, मी रोजचं रोजच वाचत होते, पुढचं हंसाबेनलाच माहीत.

तू बापूंवर रागावून लिहू नकोस. दोधूकाका गाडीखाली आले असते तर काय झालं असतं, हेच त्यांच्या डोक्यात आहे. सगळे तुझी वाट पाहतात. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
प्रमिलाभाभी

•

रनाळे,
३ ऑक्टोबर १९६०

चि. हंसाबेन हिस अ. आ. वि. वि.

घाईत लिहिते. जसोदाफुई घरात नाही.

दसऱ्याला तिने सगळ्यांना सोनं दिलं. मला आपट्याची पानं देताना डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला असं आता वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खाट उभी करून ठेवलेली, गोधडी घडी घातलेली, मिरच्या डब्यात भरलेल्या. तिची जुनी पिशवी नाही, चपला नाहीत.

हंसाबेन, जी बाई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या दारात आली आणि तेव्हापासून तापीकाठच्या प्रकाशा गावची जत्रा सोडली तर कुठे गेली नाही, ती गेली कुठे? आधी आम्ही स्टेशनावर धावलो. तिथे कोणी पाहिली नाही. मग विहिरी पाहिल्या.  मामंजी प्रत्येक विहिरीवर स्वतः वाकून बघत होते. जेवले नाहीत.

गावात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, गिरधर पाटलाच्या घरात बहिणीला जाच होता. अर्धे म्हणतात, हे त्या पुस्तकाचं काम. भिकुबाई ओट्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, मी आधीच सांगितलं होतं. वत्सलाबाई म्हणाल्या, पोथी अर्धी ठेवली त्याचं हे फळ. मामंजींनी दोघींचंही ऐकून घेतलं.

तुझ्याकडे काही कळलं तर पहिल्या डाकेने कळव. मी पाण्यात देव ठेवले आहेत.

तुझी,
प्रमिला

•

धडगाव,
६ ऑक्टोबर १९६०

ती. सौ. भाभी यांस,
शि. सा. न. वि. वि.

फुई माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. हे वाक्य आधी बापूंना वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

परवा शाळा सुटायच्या वेळी मुली ओरडत आल्या की बाई, खालची म्हातारी आली. मी बाहेर गेले तर अंगणात फुई! पाय धुळीने गुडघ्यापर्यंत भरलेले, कपाळावर घाम, हातात काठी आणि बाजूला आपली कमलीबाई.  मी तिथेच पायरीवर बसले. फुईनेच मला पाणी दिलं, माझ्याच माठातलं.

भाभी, तुम्ही विहिरी पाहिल्या, स्टेशन पाहिलं, पण गोठ्याशेजारचं रिकामं पाल कोणी पाहिलं का? निंदणी संपवून कमलीबाईची माणसं दसऱ्यानंतर डोंगरात परततात, हे दरवर्षीचं आहे. फुई त्यांच्याबरोबर पहाटे निघाली. तापी ओलांडली, शहाद्यापासून काही वाट ट्रकवर, बाकीची पायी. घाटात एक रात्र कमलीबाईच्या झोपडीत मुक्काम. म्हातारीने आपली एकुलती खाट फुईला दिली आणि स्वतः भुईवर झोपली. दोघी रस्ताभर बोलत होत्या म्हणे. एक अहिराणीत आणि दुसरी पावरीत. काय बोललात विचारलं, तर फुई म्हणते, सगळंच.

मी घाबरून तिला विचारलं की फुई, बापू काही बोलले का? भाभीचं काही लागलं का? तुलाही विसूनानासारखं वाटलं का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी अगदी बावळट आहे. म्हणाली, पोथी अर्धी ऱ्हायनी. पेटीले कुलूप. पुढलं तुलेच माहीत. मी आयकाले उनू.

फक्त ऐकायला, भाभी! सगळं गाव म्हणतंय की म्हातारी पुस्तकाच्या नादाने मुलुखगिरीला निघाली. ती तर पुस्तकाचा शेवट ऐकायला आली.

माझ्याकडे माझी प्रत होती. कंदील लावला, पाट मांडला. तिच्या हट्टामुळे लाल नाही तरी माझा हिरवा खण खाली घातला. कमलीबाईही बसली. अर्थ सांगायला धुडकूबाबा नाहीत, म्हणून मीच वाचत होते आणि मीच सांगत होते. पोपट बरा झाला तेव्हा कमलीबाईने टाळी वाजवली. बारावा अध्याय आला.

तुम्हाला शेवट माहीत नाही, म्हणून सांगते. विसूनाना टेकडीवर पोचतात. पलीकडे समुद्र आहे, लाटांचा आवाज येतो आहे. तेवढ्यात मागून मुलगा आणि जावई टांगा घेऊन येतात. एक छत्री ओढतो, दुसरा पिंजरा. नाना टांग्यात बसतात. घरी येतात. शेवटच्या पानावर ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून चहाच्या बशीत फुंकर मारतात आणि म्हणतात की याहून मोठ्या लाटा त्या समुद्रात तरी काय असणार! कॉलेजात असताना या वाक्यावर मी पुस्तक छातीशी धरून हसले होते.

मी पुस्तक मिटलं आणि हसत वर पाहिलं. फुई हसत नव्हती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. घरात कोणी गेल्याचं कळावं तसा झाला होता. तिने विचारलं, समिंदर नई देखा? मी म्हटलं, नाही. टेकडीवर व्हता ना? मी म्हटलं, होता. मंग परत काब्र उना?

मी म्हणाले, फुई, ही गंमत आहे. ती म्हणाली, कोनी गंमत? म्हणजे कुणाची. मी पुष्कळ समजावलं, की म्हाताऱ्या माणसाने घर सोडून जाणं, मग दमून परत येणं आणि शेवटी घरच बरं वाटणं, यातच विनोद आहे. बोलता बोलता माझा मलाच आवाज खोटा वाटायला लागला. कमलीबाईने काही विचारलं, ते फुईने तिला हातवाऱ्यांनी सांगितलं: दोन्ही मुठी आवळून मागे ओढल्या. म्हातारी थुंकली.

भाभी, मी या पुस्तकावर पास झाले आहे आणि मला हे कधी दिसलं नव्हतं, की ओढून आणलेल्या माणसावर आपण हसतो.

काल सकाळी फुई शाळेमागच्या उंचवट्यावर जाऊन उभी होती. मला हाक मारून विचारलं, या डोंगरामांगे काय शे? मी म्हटलं, आणखी डोंगर, मग नर्मदा. ती बराच वेळ बघत राहिली. बस, एवढंच.

दिवाळीला मी तिला घेऊन येईन, असं बापूंना सांगा. तुमच्या हातचं खायला दोघीही आसुसलो आहोत. तुम्ही आम्हाला अंतर देणार नाही, या भरवशावर आहोत.

आपली,
हंसा

•

रनाळे,
१० ऑक्टोबर १९६०

चि. हंसा हिस गिरधर दगा पाटील याचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की,

तुझे पत्र सूनबाईने वाचून दाखविले. बहीण सुखरूप आहे, देवाची कृपा. परंतु जे झाले ते नीट झाले नाही.

तुला मी शिकविले तेव्हा आपल्या समाजातील लोक मला हसले. मुलगी बी.ए. करून काय करणार, असे म्हणाले. मी ऐकून घेतले. तू डोंगरात नोकरीस गेलीस तेव्हा पुन्हा हसले. तेही ऐकून घेतले. परंतु माझ्या बहिणीने न सांगता घर सोडले आणि मी तिला विहिरीत शोधले, हे मला ऐकून घेता येत नाही. मी तिला काय कमी केले? एका शब्दाने विचारले असते तर मी नाही म्हणालो असतो, हे खरे आहे. पण विचारावयास हवे होते.

मंगळवारी, अठरा तारखेस, सुकलाल जीप घेऊन धडगावास येईल. जसोदाला त्याच्याबरोबर परत पाठवावे. तोपर्यंत तिला घराबाहेर कोठेही नेऊ नये. गावात आल्यावर तिने ओट्यावर चार माणसांत एवढे सांगावे की पुस्तकामुळे डोके फिरले होते, चूक झाली. म्हणजे लोकांची तोंडे बंद होतील आणि तिला कोणी काही म्हणणार नाही. हे झाले तर मी भाऊबीजेस पाटावर बसेन. न झाल्यास तिच्या हातचे ओवाळणे मी घेणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही, विचार करून लिहीत आहे.

वाचनालयाच्या पुस्तकांबद्दल दिवाळीनंतर बोलू.

तुझ्या प्रकृतीस जपावे. थंडीत पाय उघडे ठेवू नयेत.

तुझा,
बापू

•

रनाळे,
११ ऑक्टोबर १९६०

चि. हंसाबेन हिस अ. आ. वि. वि.

मामंजींचं पत्र कालच्या डाकेत गेलं, हे त्यांना न सांगता लिहिते. ते तुला कठोर वाटेल. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला असते. काल तूप काढायला त्यांनी पेटी उघडून दिली, तेव्हा मी वरचं कापड सरकवून पाहिलं. नवव्या अध्यायात मी मोराचं पीस ठेवलं होतं. ते तिथेच आहे. पण अकराव्यात केळीच्या सोपटाची वाळकी पट्टी आहे. आपल्या घरात केळीच्या बागेतून येणारं माणूस एकच. गेले काही दिवस ते दुपारी मळ्यातल्या खोपीत कडी लावून बसतात. परवा भाकरी घेऊन गेले तर आतून हसण्याचा आवाज आला. मी भाकरी बाहेर ठेवून पळत आले. मामंजींना हसताना मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलं नाही. तुझ्या पत्रातला पोथीचा शेवट मात्र मी त्यांना वाचून दाखवला नाही.

पण भाऊबीजेचं ते खरं बोलले आहेत. फुईला भाऊ एकच आहे. तिला ओट्यावर उभं करून चुकले म्हणायला लावतील, हे डोळ्यांपुढे आणवत नाही. आणि भावाने पाटावर न बसणं, तेही. तूच काही तरी कर, मला सुचत नाही.

मनात जागा ठेव.

तुझी,
भाभी

•

धडगाव,
१८ ऑक्टोबर १९६०

तीर्थरूप बापू यांच्या चरणी
हंसाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपलं पत्र गेल्या बाजाराच्या दिवशी हाती आलं. मी ते फुईला सगळं वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही. विहिरीचं आलं तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. तिला हे सुचलंच नव्हतं, की आपल्याला कोणी विहिरीत शोधेल. तिला वाटलं होतं, चार दिवस कोणाच्या लक्षातही येणार नाही. बापू, हे वाक्य मला फार लागलं, तुम्हालाही लागेल, म्हणून लिहिते.

न सांगता निघाले ही चूक, ती तुमच्यापुढे हात जोडून कबूल करेन, असं ती म्हणते. पण डोकं फिरलं होतं, असं ती ओट्यावर म्हणणार नाही. मन्हं डोकं फिरनं नई, तिने मला शांतपणे सांगितलं, जसं भाजीत मीठ नाही म्हणून सांगतात. मग विचारलं, जीप कधी येणार? मी म्हटलं, मंगळवारी. ती उठून पुन्हा त्या उंचवट्यावर गेली.

तेव्हा मला तो टांगा दिसला, छत्री ओढणारा मुलगा आणि पिंजरा ओढणारा जावई. आणि या वेळी मागून येणाऱ्या टांग्यात मीही बसलेली दिसले.

तिला घराबाहेर नेऊ नये, असं आपण लिहिलं होतं. मी आपली आज्ञा आजवर मोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि आम्ही निघालो. फुई, मी, करमसिंग वाटाड्या आणि कमलीबाई. म्हातारीला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपली चालायला लागली. उतार फार कठीण होता. एका ठिकाणी मीच बसून राहिले आणि फुईने मला काठी दिली. पाड्यांवर लोकांनी मोराची भाकरी आणि ताक दिलं. मोर म्हणजे इकडचं बारीक धान्य, दचकू नका.

नर्मदा दिसली तेव्हा सकाळ होती. मला वाटलं होतं, फुई हात जोडेल, रडेल. ती पाण्यापर्यंत गेली, पाय बुडवले, तोंड धुतलं, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, इतलंच? आपली तापीबी अशीच शे! करमसिंगला इतका धक्का बसला की त्याच्या हातची विडी पाण्यात पडली. आणि मग फुई हसली. तिला हसताना मी पाहिलंय, पण असं नाही. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, कमलीबाईला धरून हसत होती. सगळं पुस्तक वाचून जे हसू आलं नाही ते तिथे आलं. पाण्यात पाय सोडून बसली आणि थोड्या वेळाने समोरच्या काठाकडे हात करून विचारलं, त्या डोंगरामांगे काय शे?

परवा आम्ही परत आलो. पायाला फोड आले आहेत, माझ्या. फुईच्या नाहीत.

आज सकाळी सुकलालभाऊ जीप घेऊन आला. बिचारा फार संकटात पडला आहे. चहा पिताना म्हणत होता की बापूंना मी काय तोंड दाखवू. मी त्याला सांगितलं, माझं पत्र दाखव. भाऊबीजेच्या सकाळी फुई आणि मी आपल्या पायांनी गावात येऊ. कोणी आणलं म्हणून नाही. ओट्यावर चार माणसांत तिला बोलायचंच आहे, ती बोलेल. काय पाहिलं ते सांगेल, धुडकूबाबांनी हवा तसा अर्थ लावावा. दोधूकाकांना पुढे बसवा. ती आरती ओवाळायला उभी राहील. पाट आपल्या घरचा आहे, बसायचं की नाही हे आपण ठरवा. आपण बसाल का, असं काल तिने मला विचारलं. 

आणखी एक. आपण अकराव्या अध्यायापर्यंत आला आहात, असं मला वाटतं. कसं ते विचारू नका. बारावा आम्ही येईपर्यंत वाचू नये. तो फुईसमोर वाचावा आणि तेव्हा हसू येतं का, ते मला बघायचं आहे.

सुकलालभाऊ रिकामी जीप नेणार नाही म्हणून अडून बसला होता. त्याची अडचण मी दूर केली आहे. काल रात्री कमलीबाईने फुईला विचारलं होतं, तुमच्या गावात आगगाडी येते म्हणतात, ती केवढी असते? फुई म्हणाली, देखी ले ना. कमलीबाई दरवर्षी आपल्या शेतात येते, पण शेतातून गाडी तिने लांबून धूर म्हणूनच पाहिली आहे. स्टेशनात येऊ देतील का, या भीतीने कधी जवळ गेली नाही.

तर फुईच्या जागेवर कमलीबाई येत आहे. गोठ्याच्या बाजूला नाही, पाहुणी म्हणून घरात उतरवून घ्यावी. वाटेत तिने तुमच्या बहिणीला स्वतःची खाट दिली होती. दुपारची गाडी दाखवायला आपण स्वतः तिला स्टेशनावर न्यावं, आणि इंजिन शिटी देईल तेव्हा ती घाबरेल, हात धरावा. आम्ही परतताना तिला बरोबर घेऊन जाऊ.

आपली माया माझ्या चुकांपेक्षा मोठी आहे, या धिटाईवर हे सगळं लिहिलं. उत्तर पाठवू नका, पत्रं आता पोचणार नाहीत. पुढे सुकलालभाऊच्या शेजारी म्हातारी बसली आहे, मांडीवर भोपळा घेऊन, आणि जीप सुरू झाली आहे.

आपली,
हंसा